तीन एमांची रेघ

रेघ चुकली की अप्पा मारायचे. हाताने नव्हे, कारण हात कायम शाईने काळा असायचा, आणि माझ्या पावाडैवर, म्हणजे परकरावर, डाग पडला की आईची कटकट कोण ऐकणार! छापखान्यात दोन ओळींमध्ये अंतर राहावं म्हणून पितळेच्या पट्ट्या घालायचे. त्यातली एक लांबशी पट्टी त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती. ती बोटांच्या पेरांवर आडवी बसायची. रडलं की दुसरी बसायची, म्हणून मी रडायचं सोडलं आणि चावायला लागले. अप्पांच्या मनगटावर माझ्या दातांची खूण अजून आहे. ती बघून मला आजही बरं वाटतं.

आमचा छापखाना तंजावरला, राजवाड्यामागच्या गल्लीत. आता त्याला कुणी छापखाना म्हणत नाही, डीटीपी सेंटर म्हणतात. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, देवळांच्या उत्सवांच्या नोटिसा. अप्पा खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारे. तमिळ आणि इंग्रजी खिळे ते डोळे मिटून जुळवायचे. मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्यांपैकी आमचं घराणं, त्यामुळे घरात मराठी. पण मराठी अक्षर अप्पांना एकही वाचता येत नाही. आमच्यात हे चालायचंच. देवनागरी वाचणारा एखादा सापडला, तर तो हिंदीच्या परीक्षा दिलेला असतो. आम्ही मराठीत भांडतो आणि पेपर तमिळ वाचतो.

रेघेला मात्र लिपी नसते. म्हणून अप्पांना सगळ्या रेघा यायच्या, आणि त्यांनी त्या मला मारून मारून शिकवल्या. सगळ्यांत आखूड ती हायफन. ती दोन शब्दांना जोडते: आई-बाप, वधू-वर. तिच्याहून लांब ती एन रेघ, साधारण इंग्रजी एन अक्षराएवढी रुंद. ती ‘इथपासून तिथपर्यंत’ सांगते: पाने १२–१८, मुहूर्त ६–७.३०, तंजावर–ओरत्तनाडु बस. तिच्या दुप्पट ती एम रेघ. बोलणारा मध्येच तुटला, किंवा वाक्यात दुसराच विचार घुसला, तर ती. एनच्या जागी हायफन पडला की एक पट्टी, एमच्या जागी एन पडली की दोन. वजाबाकीचं चिन्ह आणखी वेगळं असतं हे मला एका बिलबुकाच्या पायी कळलं. त्या दिवशी माझी करंगळी इतकी सुजली की आईने मला दहीभात भरवला.

आणखी एक रेघ होती, ती अप्पांनी फार उशिरा सांगितली. तीन एम एकमेकांना चिकटवून केलेली लांबलचक रेघ. जिथे माणूस आहे पण त्याचं नाव छापायचं नाही, तिथे ती घालतात. ‘श्रीमती ———, राहणार अमुक गाव.’ नाव झाकायची रेघ. “ही फुकट वापरायची नसते,” अप्पा म्हणाले होते. तेवढ्या एका रेघेच्या वेळी त्यांनी मला मारलं नाही.

आता कीबोर्डवर टिचभर एकच रेघ आहे आणि लोक गाढवासारखी तिच्याकडून सगळी कामं करून घेतात. वधू-वरांच्या मध्येही तीच, मुहूर्ताच्या दोन वेळांमध्येही तीच. कुणी दोनदा दाबतं, कुणी हौसेने पाच वेळा. त्यात देवनागरी अक्षरं वरच्या रेषेला लटकलेली, आणि कित्येक फॉन्टांतला हायफन इंग्रजीच्या मापाने खाली पडलेला. तो हाताने उचलून अक्षराच्या मध्यावर आणावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, “मॅडम, रेघच तर आहे.” असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटतो. अजून काढलेला नाही, धंदा आहे. पण हात शिवशिवतो. बापाचीच मुलगी मी.

देवनागरीची अक्षरजुळणी मी पुण्यात शिकले. नवऱ्याने एकदा माझ्यावर हात उगारला, मी त्याच्या डोक्यात पोळपाट घातला, आणि दोघंही घरी जाऊन आपापल्या माणसांना खरं काय ते सांगू शकलो नाही. मी पुण्याला गेले. एका प्रकाशनाच्या कचेरीत बरीच वर्षं मराठी पुस्तकं लावली. तिथले लोक माझी मराठी ऐकून हसायचे; मी त्यांच्या रेघा बघून हसायची. आई गेली तेव्हा परत आले आणि छापखाना हातात घेतला. अप्पा म्हणाले, “दोन दिवसांत पळशील.” मी म्हटलं, “तुम्हाला पोचवून मग पळीन.” आमचं हे असं.

आता आत्या. इथे मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. भाऊबंद अजून जिवंत आहेत आणि माझ्या दाराची काच नुकतीच बसवली आहे. आत्या म्हणजे अप्पांच्या पाठची नव्हे, त्यांच्या आधीची. दोन मोठे काका, मग आत्या, मग अप्पा. ती चार भावंडं. त्यांची आई लवकर गेली, आणि अप्पांना आत्यानेच कडेवर वाढवलं. अप्पा तिला अक्का म्हणायचे, ती त्यांना तंबी म्हणायची, म्हणजे धाकट्या भावाला तमिळमध्ये म्हणतात तसं. तिची पत्रिका वाईट म्हणून लग्न जमलं नाही. ती छापखान्यातच बसायची, छापून झालेले खिळे उचलून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायची. माझी सुजलेली बोटं बघितली की तमिळमध्ये शिव्या घालायची, अप्पांना, त्यांच्या तोंडावर. तिच्या शिव्या तेवढ्या अप्पा ऐकून घ्यायचे.

तिशी गाठल्यावर तिने लग्न केलं. ओरत्तनाडुच्या बसवरचा कंडक्टर, दुसऱ्या जातीचा. कुणाला न सांगता रजिस्टर करून आली.

काकांनी आणि अप्पांनी आधी त्याला गाठलं. भर दुपारी बसस्टँडवर त्याला बसमधून ओढून खाली काढलं. त्याच्याच तिकिटांच्या पिशवीचा पट्टा त्याच्या गळ्याभोवती आवळला आणि टायर बदलायच्या लोखंडी दांड्याने त्याचा गुडघा फोडला. प्रवासी खिडक्यांतून बघत होते. हे मला छापखान्यातल्या मशीनवाल्याने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्यानंतर तो माणूस पुन्हा बसवर उभा राहू शकला नाही.

आत्याला मारलं ते मात्र मी बघितलं. “बोलायचं आहे, ये,” असा निरोप धाडून तिला बोलावलं होतं. मी कागदांच्या गठ्ठ्यांमागे होते, आठ-नऊ वर्षांची. दार लावलं. थोरल्या काकांनी तिचा अंबाडा धरला. मधल्या काकांनी लाथ घातली. ती पडली नाही, कारण केस धरलेले होते. अप्पा कामावर होते, त्यांच्या हातात स्टिक होती, म्हणजे खिळे जुळवायची ती पोलादी चौकट, अर्धी ओळ जुळवलेली. आत्या काकांकडे बघतच नव्हती. ती अप्पांकडे बघून म्हणाली, “तंबी, तू तरी—”

अप्पांनी ती स्टिक तिच्या तोंडावर मारली. पुढचे दात आणि खिळे एकदमच जमिनीवर पडले. खिळ्यांचा आवाज जास्त झाला.

तिला गल्लीत ढकलून त्यांनी दाराला कडी घातली. मग तिघे मागे घराच्या विहिरीवर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी स्नान केलं, मेलेल्या माणसाचं करतात तसं. अमक्याच्या नावाने आंघोळ केली असं लोक नुसतं बोलतात. आमच्याकडे खरंच करून दाखवली. आई चुलीपाशी उभी होती. मला म्हणाली, “जा, खिळे वेच.” मी ते वेचले, रॉकेलने पुसले, एकेक करून खणात टाकले. दात आईने फडक्यात बांधून नेले, कुठे टाकले माहीत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात आत्याचं नाव कुणी उच्चारलं नाही.

पुढे दोन्ही काका गेले, कुळात वडीलधारे अप्पाच उरले, आणि अलीकडे पुस्तकाचं काम निघालं.

आमच्या कुळाचा कुळधर्म वर्षातून एकदा होतो, तिरुवैयारुजवळ माझ्या चुलतभावाच्या घरी. देवीची पूजा झाली की भटजी कुळाची नावं पिढीवार वाचतात. ज्याचं नाव वाचलं जाईल त्याने पुढे यायचं, कुंकू लावून घ्यायचं, फोडलेल्या नारळाचा तुकडा घ्यायचा. ज्याचं नाव वाचलं, तो कुळाचा. तो मेला तर कुळातल्या सगळ्यांनी त्याचं स्नान करायचं. नाव वाचलं नाही, तर तो कुणाचा कुणी नाही. हे वाचन आजवर एका जीर्ण कागदावरून व्हायचं. आता त्याचं छापील पुस्तक करायचं ठरलं. तमिळ अक्षरांत करा असं मी सुचवलं, तर अप्पा उसळले. “मराठ्यांच्या कुळाचं पुस्तक तमिळ अक्षरांत? लाज आहे का?” सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे जे पुस्तक कुळात जेमतेम कुणाला वाचता येणार, ते सगळ्यांनी एकमताने मंजूर केलं. वाचणार भटजी. लावणार मी.

ही बातमी ओरत्तनाडुपर्यंत गेली. एके दिवशी सकाळी मी एका पत्रिकेतल्या रेघा उचलत होते, आणि दारात एक म्हातारी उभी राहिली. पायरीच्या खालीच. डोक्याला पदर, हातात दुधाची रिकामी बरणी. तोंड मिटलेलं होतं तोवर ओळखलं नाही. बोलायला तोंड उघडलं आणि मला वरची हिरडी दिसली.

“पोरी, पुस्तकांत अस्क्यांची नांवं येणार म्हणे.” अस्के म्हणजे सगळे, आमची मराठी अशी. “माझं येणार का?”

मी तिला आत ये म्हटलं. ती आली नाही.

“मला कुणाचं काही नको,” ती म्हणाली. “तो गेला. पोरगा चांगला आहे, गाई आहेत. पण पोटांत गाठ आहे, डॉक्टर म्हणाला फार नाही. मी मेल्यावर माझ्या माणसांपैकी कुणीतरी डोक्यावरून पाणी घ्यावं. जिवंतपणी घेतलं, ते खोटं होतं. खरं एकदा घ्यावं. तुझ्या बापाने घेतलं तर बरं. मी त्याला कडेवर वाढवलंय.”

मी काही बोलायच्या आत मागून अप्पा आले. हातात वाफाळत्या कॉफीचा पेला, खाली डबरा, म्हणजे पसरट वाटी. पन्नाशीला आलेल्या मुलीला कधीकधी अजून थोबाडीत मारणारे अप्पा, आत्याकडे बघत पायरीपर्यंत आले. मग त्यांनी ती कॉफी तिच्या अंगावर फेकली. गळ्यापासून खाली सगळी. ती ओरडली नाही. पदराने मान पुसली, मला म्हणाली, “बघ, जमलं तर,” आणि गल्लीतून चालायला लागली. मी तिच्यामागे धावणार तर अप्पांनी माझा दंड धरून मला मशीनवर आपटलं.

“तिचं नांव आलं तर हात तोडून टाकीन.”

“मग काय छापू? तुम्ही चौघं होता, सगळ्या जगाला माहीत आहे. तीनच छापू?”

काही झालं तरी खिळे जुळवणारा माणूस. “तीन नांवं,” ते म्हणाले. “आणि तिच्या जागी रेघ. तीन एमांची. मी मोजून घेणार.”

माझं पित्त असं खवळलं की डोळ्यांपुढे काळोख आला. पण मी “बरं” म्हटलं. मी “बरं” म्हटलं की काहीतरी वाईट होणार, हे माझ्या आईला कळायचं. अप्पांना कधीच कळलं नाही.

मी पान लावलं. त्या पिढीची एकच ओळ, वयाच्या क्रमाने: थोरले काका, मधले काका, आत्या, अप्पा. दोन नावं लिहिली. तिसऱ्या जागी रेघ घातली, तीन एम, मध्ये फट नाही, अक्षरांच्या मध्यावर बरोबर उचललेली. आयुष्यात इतकी स्वच्छ रेघ मी घातली नव्हती. आणि चौथ्या जागी आत्याचं नाव लिहिलं.

चार जागा, तीन नावं, एक रेघ. त्यांनी सांगितलं होतं तसंच.

प्रूफ बघायला अप्पा चष्म्यावर भिंग धरून बसले. आपली जुनी मापपट्टी घेऊन त्यांनी रेघ मोजली. “बरोबर.” कागद तिरपा करून तिची उंची बघितली. “बरोबर.” मग त्यांचा अंगठा पुढच्या अक्षरांवर आला.

“आणि हे मी?”

“चौथं आहे,” मी म्हटलं.

ते आत्याच्या नावाकडे बघत राहिले. आपलं नाव मराठी अक्षरांत त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. अंगठा हळूच त्याच्यावरून फिरवला. “छान दिसतं,” म्हणाले. मला हसू येईना आणि रडूही येईना. हे खोटं बोलणं झालं असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलेलं नाही.

पुस्तकं बांधून आली. देवीपुढे ठेवल्याशिवाय ती उघडायची नाहीत, असं चुलतभावाने ठरवलं होतं, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं. कुळधर्माच्या सकाळी मी आत्याच्या मुलाला फोन केला आणि सांगितलं, आईला घेऊन तिरुवैयारुला ये, बाहेर तिण्णैवर बसव. तिण्णै म्हणजे दाराबाहेरचा ओटा. तिथे कुणीही बसू शकतं, तिथून कुणाला हाकलत नाहीत. ती आली. मी आतून बघितलं, खांबाला टेकून बसली होती, मानेवर भाजल्याचा डाग अजून तांबडा.

पूजा झाली. नारळ फुटला. भटजींनी पुस्तक उघडलं आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. वरच्या पिढ्या संपल्या. आमच्या आजोबांचं नाव आलं, मग त्यांच्या मुलांची ओळ. थोरल्या काकांचं नाव वाचलं. ते नाहीत म्हणून त्यांच्या मुलाने कुंकू घेतलं. मधल्या काकांचं वाचलं. त्यांच्या मुलीने घेतलं. मग भटजी थांबले.

“इथे रेघ आहे,” ते म्हणाले. “हे कोण?”

सगळे खाली बघायला लागले. अप्पा पहिल्या रांगेत बसले होते, नवं वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, नेसून. त्यांनी मोठ्याने सांगितलं, “मेलेलं माणूस आहे. पुढे वाचा.”

भटजींनी पुढचं नाव वाचलं. आत्याचं.

अप्पा उठायच्या बेतात होते, तसेच अर्धे उठलेले राहिले. भटजींना काय ठाऊक, त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं, आणखी मोठ्याने, आणि विचारलं, “आहेत का?”

“आहे,” बाहेरून आवाज आला. आत्या उंबरठा ओलांडून आत आली.

“माझं?” अप्पा भटजींना म्हणाले. “माझं वाचा.”

भटजींनी ओळ बघितली, पान उलटलं, परत आणलं. “या ओळीत एवढीच आहेत. दोन, मग रेघ, मग या बाई.”

कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. ते माझ्याकडे वळले आणि मला त्यांचा चेहरा दिसला. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं, एकानेही हात पुढे केला नाही. देवीपुढची पितळी समई त्यांनी पेटती उचलली. तेल सांडलं, चटईचा कोपरा पेटला, कुणीतरी किंचाळलं. मला वाटलं माझ्यावर येतायत, आणि मी उभीच राहिले. पण ते आत्याकडे निघाले. मी मध्ये हात घातला. समईची बैठक माझ्या मनगटावर बसली आणि आतलं काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. मी दुसऱ्या हाताने त्यांच्या उपरण्याला धरून ओढलं. आम्ही दोघं खाली पडलो, ते माझ्या केसांना हिसडे देत होते, मी त्यांच्या छातीवर गुडघा रोवला होता. “बोला,” मी ओरडत होते, “रेघ कशी आहे? मोजा ना! मोजा!” चुलतभावाने चटईवर पाणी ओतलं आणि मग आम्हाला सोडवलं. माझ्या तोंडात रक्त होतं. कुणाचं ते आजही सांगता येणार नाही.

अप्पा भिंतीला टेकून बसले. धाप लागली होती, वेष्टी तेलाने माखलेलं. ते पुस्तक त्यांच्या पायाशी पडलं होतं. त्यांनी ते उचललं, ते पान काढलं आणि अंगठा रेघेवर ठेवला. सगळा राग उतरून त्यांचा आवाज एकाएकी बारीक झाला. माझ्याशी नाही, ते आत्याशी बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“अक्का, ह्यात मी कुठे?”

आत्या त्यांच्यासमोर उभी होती. तिने वाकून त्यांचा अंगठा बाजूला केला, ती रेघ बघितली.

“इतके दिवस मी होते, तिथे,” ती म्हणाली.

मग तिने कुंकू लावून घेतलं, नारळाचा तुकडा पदरात बांधला आणि मुलाच्या मोपेडवर बसून गेली. मला तंजावरच्या हॉस्पिटलात नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टरने विचारलं कशाने झालं, मी म्हटलं घरचं कार्य होतं.

त्यानंतर अप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. मी जेवण वाढायची, ते जेवायचे, ताट ढकलायचे. पुस्तक परत छापा, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. चुलतभावांनी मला कुळधर्माला बोलवायचं नाही असं ठरवलं, आणि एकाने येऊन माझ्या दाराची काच फोडली. आत्याचा मुलगा अधूनमधून दूध घेऊन यायचा. अप्पा ते दूध पितात का, हे मी कधी बघितलं नाही. पातेलं रिकामं व्हायचं एवढं खरं.

पोंगल होऊन गेल्यावर एका दुपारी आत्याच्या मुलाचा फोन आला. आत्या गेली.

अप्पा पुढच्या खोलीत झोपाळ्यावर बसले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. कसं सांगू, आणि त्यांनी काय फेकून मारलं असतं! मी मागे विहिरीवर गेले, बादली काढली आणि अंगावरच्या साडीनिशी डोक्यावर ओतली. मोडलेलं मनगट अजून नीट वळत नव्हतं, त्यामुळे दुसरी बादली अर्धीच आली. तेवढ्यात मागे काठीचा आवाज झाला.

“ओल्या साडीने उभी आहेस,” अप्पा म्हणाले. “कोण गेलं?”

मी आत्याचं नाव घेतलं. अक्का नाही, आत्या नाही, तिचं नाव.

त्यांनी काठी उगारली. मी हात वर केला, त्याच हाताने, आणि डोळे मिटले. काठी माझ्या खांद्यावर बसली, जोराने.

“एकदा झालंय तुमचं स्नान,” मी म्हटलं. “तेव्हाच झालंय. आता कशाला आलात?”

त्यांनी दुसऱ्यांदा मारलं आणि मला विहिरीच्या कठड्यापासून असं ढकललं की मी तुळशीपाशी जाऊन पडले. त्यांनी काठी फेकली. बादलीचा दोर दोन्ही हातांनी धरला. दोर ओढताना अर्धं पाणी परत विहिरीत सांडत होतं, आणि ते माझ्यावर ओरडत होते, गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने.

“माझ्या आधी स्नान करतेस? तू कोण? भाऊ मी आहे. आधी मी. सरक बाजूला!”